दोन्ही आकडे सारखे का?

जुन्या दोन टबांच्या सेमी-ऑटोमॅटिक मशीनचं मागचं झाकण काढलं की आत किती कमी आहे हे पाहूनच आश्चर्य वाटतं. तळाशी दोन मोटरी, एक पट्टा, गिअरबॉक्स, कडेला कपॅसिटरचा डबा आणि वर नॉबच्या मागे टायमर. एकही चिप नाही. तरीही हे यंत्र कपडे उजवीकडे घुसळतं, क्षणभर थांबतं, डावीकडे घुसळतं आणि ड्रायरचं झाकण उघडताच स्वतःला आवरतं. मग हे सगळं ठरवतं कोण?

सुरुवात मोटरींपासून करू. जागेवर असताना त्या ओळखणं सोपं: जिला पट्टा आहे ती धुण्याची, जिच्या दांड्यावर थेट ड्रायरची जाळीदार बादली बसते ती पिळण्याची. पण जुन्या बाजारात दोघी सुट्या पडलेल्या असल्या, तर दोघींना तीन-तीन वायरी आणि अंगकाठीही साधारण सारखी. इथे मल्टिमीटर बोलतो. (मशीनमध्येच मोजायचं असेल तर आधी प्लग काढा आणि कपॅसिटर डिस्चार्ज करून घ्या, वीज बंद केल्यावरही त्यात झटका शिल्लक राहू शकतो.) तीन वायरींच्या तीन जोड्या मोजायच्या. सर्वांत मोठा रोध ज्या जोडीत येईल, तिच्या बाहेर राहिलेली वायर ती कॉमन. आता कॉमनपासून उरलेल्या दोघींचे आकडे पाहा. ते सारखे आले तर मोटर धुण्याची, वेगळे आले तर बहुधा ड्रायरची.

हे सारखेपण योगायोगाचं नाही. घरात येणारी सिंगल फेज वीज मोटरच्या एका गुंडाळीत सोडली तर चुंबकीय क्षेत्र फिरत नाही, नुसतं पुढे-मागे होतं. जात्याचा खुंटा पुढे-मागे ढकलत राहिलं तर जातं फिरत नाही, हात योग्य क्षणी बाजूलाही वळावा लागतो. तसंच हे. अशी मोटर जागच्या जागी गुणगुणत राहते, आणि गंमत म्हणजे तिला ज्या दिशेने ढकलावं त्या दिशेने ती धावू लागते. तिला स्वतःची अशी दिशाच नसते.

दिशा देतो तो कपॅसिटर. मोटरमध्ये एकमेकींशी काटकोनाचं नातं असलेल्या दोन गुंडाळ्या असतात. कपॅसिटरमधून येणारा प्रवाह आपल्या शिखरावर थोडा आधी पोहोचतो, दुसऱ्या गुंडाळीतला थोडा नंतर. त्यामुळे चुंबकाचा जोर पहिलीकडून दुसरीकडे सरकतो आणि रोटर त्याच्या मागे निघतो. आता तोच कपॅसिटर दुसऱ्या गुंडाळीच्या वाटेत आणा. आधी पोहोचणारी बदलली, दिशा उलटली! टायमरमधली खाचांची चकती एवढंच करते: एक संपर्क जोडते, सोडते, थोडं थांबून दुसरा जोडते. धुण्याच्या मोटरमध्ये दोन्ही गुंडाळ्यांना आळीपाळीने दोन्ही भूमिका कराव्या लागतात, म्हणून दोघींची तार सारखी आणि मीटरवरचे आकडेही सारखे. ड्रायर कायम एकाच दिशेने फिरतो, तिथे भूमिका ठरलेल्या असतात आणि तारही त्याप्रमाणे वेगळी.

टायमरही न्याहाळण्यासारखा आहे. नॉब फिरवताना आपण आतली स्प्रिंग भरत असतो आणि पुढची काही मिनिटं दातेरी चाकं त्याच जोरावर चालतात. लोडशेडिंगमध्ये वीज गेली की मोटर थांबायची, पण टायमर टिकटिकत शून्यावर यायचा, तो यामुळेच.

पिळण्याचा हिशेब तर थक्क करणारा आहे. आपली वीज 50 हर्ट्झची, म्हणून चार ध्रुवांच्या मोटरला मिनिटाला 1,500 फेऱ्यांच्या पुढे जाता येत नाही. समजा ओझ्याखाली ती 1,300 फेरे करते आणि बादलीची त्रिज्या 12 सेंटिमीटर आहे. तर बादलीच्या कडेला असलेल्या पाण्याच्या थेंबावर त्याच्या वजनाच्या सुमारे 225 पट जोर येतो. कापडाच्या धाग्यांची पकड तिथे फारशी टिकत नाही.

एवढ्या वेगाला लगाम घालणारा ब्रेक साध्या तारेवर चालतो, आणि मला या यंत्रातली ही रचना सर्वांत शहाणपणाची वाटते. झाकण बंद असताना तार ताणलेली राहते आणि ब्रेक सुटलेला असतो. झाकण उचललं की तार सैल पडते, स्प्रिंग ब्रेक आवळते आणि झाकणाचा स्विच वीज तोडतो. तार तुटली तर? ब्रेक लागलेलाच राहतो. मोटर नुसती गुणगुणते, बादली हलत नाही. बिघाडही सुरक्षित बाजूला कलावा, हे इथे आधीच ठरवून ठेवलं आहे.

अमेरिकेतल्या जुन्या फुल-ऑटोमॅटिक मशीनांनी हाच विचार आणखी पुढे नेला. आयोवातल्या न्यूटन गावच्या मेटॅग कंपनीच्या मशीनमध्ये धुणं आणि पिळणं दोन्हीला मिळून एकच मोटर. ती एका दिशेने फिरली की ब्रेक टबला धरून ठेवतो आणि गिअरबॉक्स मधला खांब घुसळतो. उलट फिरली की पुली मळसूत्रावर वर चढते, ब्रेकची स्प्रिंग दाबते आणि गिअरबॉक्ससकट सगळा टब गरगरू लागतो. मोटर थांबली की तीच स्प्रिंग पुलीला खाली लोटते आणि टबला ब्रेक लागतो. कोणतं काम करायचं, हा निरोप केवळ फिरण्याच्या दिशेतून जातो.

व्हर्लपूलच्या पट्ट्यावर चालणाऱ्या जुन्या मशीनांत मोटर दिशा बदलत नाही. तिथे गिअरबॉक्सवर एक दांडा सतत डावी-उजवीकडे डोलत असतो आणि त्याच्यावर दोन विद्युतचुंबक बसवलेले असतात. त्यांतल्या एकाला वीज मिळाली की त्याच्यातली पिन जागा बदलते, खालच्या पट्टीच्या खाचेत अडकते आणि डोलणारा दांडा त्या पट्टीला ओढून नेतो. एक पट्टी घुसळणं जोडते, दुसरी पिळणं. ताकद सगळी डोलण्याची. विजेचं काम फक्त पिन हलवण्याचं. मेकॅनिक या जोडीला विग-वॅग म्हणतात, आणि मशीन उघडून चालू केलं तर ही निवड डोळ्यांना दिसते.