छाटल्याने वेल रुसत नाही

दारातल्या मांडवावरची मधुमालती छाटायचं नाव काढलं की घरातलं कुणीतरी हमखास अडवतं: भरल्या वेलीला कात्री लावू नका, रुसेल. या भीतीपोटी किती तरी चांगल्या वेली वाया जातात.

मधुमालती, जाई, जुई, बोगनवेल या सगळ्यांना फुलं येतात ती नव्या फुटीवर. जुनी काडी न काढता ठेवली तर नवी फूट फक्त शेंड्याकडे, ऊन मिळेल तिथेच येते. वर्षानुवर्षं हात न लावलेला मांडव खालून पाहावा. वाळक्या काड्यांचं जाळं दिसतं आणि फुलं सगळी छपराच्या वर, बघायला कुणी नाही अशा जागी. म्हणजे फुलं कमी होतात ती छाटणीमुळे नव्हे, न छाटल्यामुळे.

मात्र ‘छाटायचंच आहे तर कधीही छाटा’ हेही तितकंच चुकीचं. जाई-जुईची छाटणी डिसेंबर-जानेवारीत होते, कारण त्यानंतरच्या फुटीवर उन्हाळ्यापासूनचा बहर धरतो. बोगनवेल उन्हाळ्याचा बहर ओसरल्यावर छाटावी. संक्रांतवेलीचं गणित याच्या अगदी उलट आहे. तिची केशरी फुलं ऐन थंडीत, वाढलेल्या फांद्यांच्या टोकांना येतात. दिवाळीच्या साफसफाईत तिला कापलं की त्या वर्षीचा बहर गेलाच. तिची छाटणी फुलं गळल्यानंतर.

हे शास्त्र सर्वांत बारकाईने पाळतात ते आपले द्राक्षबागायतदार. युरोपात द्राक्षवेल थंडीत पानं गाळून झोपते, म्हणून तिथे मुख्य छाटणी हिवाळ्यात एकदाच. नाशिक-सांगलीकडे वेल तशी झोपतच नाही, म्हणून छाटणी दोनदा. एप्रिलच्या खरड छाटणीत ओलांड्यांवरच्या, म्हणजे वेलीच्या आडव्या मुख्य फांद्यांवरच्या, काड्या एक-दोन डोळ्यांवर आणतात. त्यातून फुटणाऱ्या नव्या काड्यांच्या डोळ्यांत पुढल्या हंगामाचे सूक्ष्म घड तयार होतात, आणि त्यासाठी काडीला भरपूर ऊन लागतं. म्हणून तर दाट झालेली फूट विरळ करतात. ऑक्टोबरच्या फळछाटणीआधी काड्या प्रयोगशाळेत नेऊन कोणत्या डोळ्यात घड आहे हे तपासून घेणारे शेतकरी आहेत. छाटणीचा काप कुठे घ्यायचा, हे त्यावर ठरतं. अंगणात एखादी द्राक्षवेल लावून ‘घड का धरत नाही’ म्हणणाऱ्यांच्या वेलीला बहुतेक वेळा ही एप्रिलची छाटणी मिळालेलीच नसते.

‘वेल आहे, चढेल आपोआप’ हाही एक समज. गोकर्ण आधाराला विळखे घालते. कृष्णकमळ आणि द्राक्ष ताण्यांनी धरतात. बोगनवेलीला यातलं काहीच नाही. ती काट्यांच्या आधाराने दुसऱ्या झाडांवर रेलते, एवढंच. तिला कमानीवर हातानेच न्यावं आणि बांधावं लागतं. बांधायला सुतळी किंवा कापडाची पट्टी घ्यावी आणि इंग्रजी आठच्या आकड्यासारखा सैल फास द्यावा. तार जाड होत जाणाऱ्या खोडात रुतते आणि वरची फांदी वाळते.

काडी सरळ वर धावू दिली तर ती नुसती उंच होते. शेंड्यात ऑक्सिन नावाचं संप्रेरक तयार होऊन खाली उतरतं आणि बगलेतले डोळे फुटू देत नाही. तीच काडी आडवी वळवून बांधली की शेंड्याचा हा जोर कमी होतो आणि लांबीभर डोळे फुटतात. द्राक्षाचे ओलांडे आडवे असतात ते याचसाठी. मांडवाच्या खांबावर एक-दोन मजबूत खोडं चढवावीत, छताशी पोचली की शेंडा खुडावा आणि पुढच्या फांद्या चारी बाजूंना पसरवाव्यात. खांबाभोवती वेल घट्ट गुंडाळू नये, पुढे छाटताना जुनी काडी सोडवणं अशक्य होतं.

कापलेल्या जागी ऑईलपेंट फासण्याची गरज नाही, त्याने कुजणं थांबत नाही. धारदार सिकेटरने डोळ्याच्या किंचित वर स्वच्छ काप घ्यावा आणि मुसळधार पावसाचे दिवस टाळावेत.

दहा-पंधरा वर्षांचं रान झालेली वेल मात्र एका दमात बोडकी करू नये. दरवर्षी सर्वांत जुन्या काड्यांपैकी साधारण एक तृतीयांश बुडाजवळून काढाव्यात आणि बुडातून येणारे जोमदार नवे फुटवे त्यांच्या जागी वर बांधून घ्यावेत. तीन वर्षांत मांडव नवा होतो आणि मधल्या काळात सावलीही जात नाही.