दूध कधी सोडवायचं, ठरवतं कोण?

बाळ-बाळंतीण : लेखांक ६

मूल वर्षाचं होऊन दुडुदुडु चालायला लागलं, की शिरोड्यात त्याच्या आईला एक प्रश्न ठरलेला असतो. मासळीबाजारात, माऊलीच्या देवळात, वेंगुर्ल्याला जाणाऱ्या एसटीत, कुणीतरी मुलाकडे बघून विचारतंच, "अजून अंगावर पिता?" मूल दोन वर्षांचं झालं की प्रश्नाचा हुकूम होतो. "दोन वर्सांचो झालो गे, आता तोड त्याका." हाच प्रश्न उलटूनही येतो. गोव्यात किंवा सावंतवाडीत नोकरीला जाणारी सून सहाव्या-सातव्या महिन्यात वरचं दूध सुरू करते, तेव्हा त्याच घरात "इतक्यात बंद केलंस?" हेही तिला ऐकावं लागतं. एकीला उशीर झालेला असतो, दुसरीला घाई.

गेल्या आठवड्यात चिकाचं दूध आणि जन्मानंतरचा पहिला तास यांविषयी पाहिलं. आता दुसरं टोक. पाजणं थांबवायचं कधी?

जागतिक आरोग्य संघटनेचं उत्तर असं : पहिले सहा महिने फक्त आईचं दूध, पाणीसुद्धा नाही, सहा महिने पूर्ण झाल्यावर घरचं अन्न सुरू, आणि त्या अन्नाच्या जोडीने दोन वर्षांपर्यंत किंवा त्यापुढेही अंगावरचं दूध. यातला सहा महिन्यांचा आकडा तसा अलीकडचा आहे. स्तनपानाविषयीच्या १९९० च्या इनोसेंटी जाहीरनाम्यात 'चार ते सहा महिने' असं होतं. जागतिक आरोग्य सभेने सहा महिन्यांवर शिक्कामोर्तब केलं ते २००१ मध्ये. त्यामुळे आज पन्नाशीत असलेल्या सासवांना त्यांच्या बाळंतपणात डॉक्टरांनी चौथ्या महिन्यापासून भरवायला सांगितलं असेल, तर त्या काही मनचं सांगत नाहीत. त्यांच्या वेळी नियमच तो होता.

महाराष्ट्रातल्या घरांत याच्या आड दोन-तीन गोष्टी येतात, आणि त्या सगळ्या प्रेमापोटी येतात. जन्मल्याबरोबर मध चाटवणं ही पहिली. वर्षाच्या आतल्या बाळाला मधातून बोटुलिझम या विषबाधेचा धोका असतो, म्हणून तो मुळीच देऊ नये. दुसरी बाळगुटी. सहाणेवर उगाळलेल्या त्या मुळ्या-फळांच्या वळशांबरोबर सहाणेवरचं पाणीही बाळाच्या पोटात जातं. तिसरं उष्टावण. मुलाचं सम महिन्यात आणि मुलीचं विषम महिन्यात करायची रीत आहे. मुलाचं सहाव्यात झालं तर फारसं बिघडत नाही, पण मुलीचं पाचव्यात झालं तर तिच्या वाट्याचं निव्वळ अंगावरचं दूध महिनाभर आधीच संपतं. मामाच्या मांडीवर बसवून सोन्याच्या अंगठीने खीर चाटवण्याचा सोहळा मुलीच्या बाबतीत सातव्या महिन्यात करावा. तोही विषमच आहे.

सहा महिन्यांनंतर दूध 'पाण्यासारखं' होतं, त्यात काही उरत नाही, हे जवळजवळ सगळीकडे ऐकू येतं. ते चूक आहे. सहा ते बारा महिन्यांच्या बाळाला लागणाऱ्या ऊर्जेपैकी निम्मी किंवा त्याहून जास्त अंगावरच्या दुधातून मिळू शकते, आणि दुसऱ्या वर्षात सुमारे एक तृतीयांश. मूल तापाने फणफणलेलं असताना पेज नको, भात नको, काहीच नको म्हणतं, तेव्हा अंगावरचं दूध तेवढं घेतं. आईचाही यात फायदा आहे. ३० देशांतल्या ४७ अभ्यासांची माहिती एकत्र करून २००२ साली 'लॅन्सेट'मध्ये आलेल्या निष्कर्षानुसार, पाजण्याच्या दर १२ महिन्यांमागे स्तनाच्या कर्करोगाचा धोका ४.३ टक्क्यांनी कमी होतो. इथे सगळ्या मुलांना पाजलेले महिने एकत्र धरायचे. अमेरिकेतल्या बालरोगतज्ज्ञांची संघटना बराच काळ 'एक वर्ष' म्हणत आली होती. तिनेही २०२२ मध्ये, आईची आणि बाळाची इच्छा असेल तर दोन वर्षं किंवा अधिक पाजण्याला पाठिंबा दिला.

आपल्याकडे दोन वर्षांची गोष्ट नवी नाही. आयुर्वेदातल्या काश्यपसंहितेत सहाव्या महिन्यात फळं आणि दहाव्या महिन्यात अन्न असा क्रम आहे. म्हणजे दूध तिथेही बराच काळ मुख्य आहार राहतं. सिंधुदुर्गाच्या किनाऱ्यावरच्या मुस्लिम घरांत दोन वर्षांची मर्यादा सर्वांना ठाऊक असते, कारण ती कुराणातच आहे. पूर्ण काळ पाजू इच्छिणाऱ्या आईसाठी दोन पूर्ण वर्षं, आणि आईबापांनी एकमेकांच्या संमतीने आधी सोडवायचं ठरवलं तर त्यात दोष नाही. ही दुसरी सवलत फारशी सांगितली जात नाही. मानवशास्त्रज्ञ कॅथरीन डेटवायलर यांनी इतर प्राइमेट प्राण्यांशी तुलना करून माणसाच्या मुलाचं दूध सुटण्याचं नैसर्गिक वय अडीच ते सात वर्षांच्या दरम्यान येतं, असं मांडलं आहे. तेव्हा तीन वर्षांचं शेंडेफळ झोपेच्या वेळी पदराशी खेळत आलं, तर त्यात लाजण्यासारखं काही नाही.

पण दूध चालू आहे म्हणजे सगळं ठीक आहे, असंही समजू नये. जन्मताना बाळ अंगात लोहाचा जो साठा घेऊन येतं, तो साधारण सहा महिने पुरतो. पुढचं लोह अन्नातूनच यावं लागतं. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीच्या पाचव्या फेरीत (२०१९-२१) देशातल्या सहा महिने ते पाच वर्षं वयाच्या मुलांपैकी ६७.१ टक्के मुलांमध्ये रक्त कमी आढळलं. सहा ते तेवीस महिन्यांच्या मुलांपैकी पुरेसा आहार मिळणारी मुलं होती फक्त ११.३ टक्के. त्याच पाहणीत पहिले सहा महिने निव्वळ अंगावर पाजण्याचं प्रमाण मात्र देशात ५४.९ वरून ६३.७ टक्क्यांवर गेलं. हे आकडे शेजारी ठेवले की आपलं दुखणं कळतं. आई दूध देण्यात कमी पडत नाही. बाळाची वाटी रिकामी राहते. किनाऱ्यावर तर ही वाटी भरणं अवघड नाही. उकड्या तांदळाची दाट पेज, त्यात घोटलेली मुगाची डाळ, चमचाभर तूप किंवा खोबरेल, काटे नीट काढून कुस्करलेला ताजा मासा, अंड्याचा बलक. नाचणीचं सत्त्व चांगलंच, पण त्याची नुसती पातळ, गोड लापशी करून दिवसभर तीच पाजणं म्हणजे पोट भरणं आणि पोषण चुकणं.

आता मुख्य मुद्दा. पाजायचं किती दिवस हा आईचा निर्णय, असं आपण म्हणतो. शिरोड्यात तो खरोखर कोण घेतं?

हे गाव १९३० च्या मिठाच्या सत्याग्रहासाठी आणि वि. स. खांडेकरांच्या शाळेसाठी ओळखलं जातं. पण इथल्या बायांची ओळख कामाची आहे. मिठागरं, मासळीची पाटी, काजूचे कारखाने, आंबा-काजूच्या बागा, पर्यटकांसाठीची खानावळ आणि घरचं सगळं. मासे विकणारी बाई भल्या पहाटे घर सोडते. बाजारात उन्हं चढेपर्यंत तिची छाती दगडासारखी जड होते, चोळी भिजते, पदर ओढून ती गिऱ्हाईक करत राहते. पाटी टाकून घरी जावं तर त्या दिवसाची मासळी फुकट. चार-पाच आठवडे असं झालं की दूध आपोआप आटायला लागतं, कारण दूध तयार होतं ते बाळाच्या ओढण्यावर. स्तन रिकामे झाले नाहीत तर शरीर पुरवठा कमी करतं. मग कुणी विचारलं तर ती सांगते, "दूधच आटला." बाईच्या अंगात दोष नव्हता. तिला दिवसातून दोनदा अर्धा तास आणि आडोसा मिळाला नाही, एवढंच.

कायदा काय देतो तेही पाहू. १९६१ च्या प्रसूतिलाभ कायद्यात २०१७ साली दुरुस्ती झाली आणि पहिल्या दोन मुलांसाठीची भरपगारी रजा १२ आठवड्यांवरून २६ आठवड्यांवर गेली. कामावर परतल्यावर मूल १५ महिन्यांचं होईपर्यंत, नेहमीच्या सुट्टीशिवाय, दिवसातून दोनदा पाजण्यासाठी वेळ मिळण्याचा हक्क आहे. ५० किंवा अधिक कामगार असलेल्या ठिकाणी पाळणाघर बंधनकारक आहे. हक्क चांगले आहेत, पण ते ज्यांना मालक आहे त्यांच्यासाठी. पाटीवालीला मालकच नाही. दहाच्या खाली माणसं असलेल्या दुकानातल्या मुलीला हा कायदा लागू होत नाही, आणि हंगामी कामावरच्या बाईचे मागच्या बारा महिन्यांत ८० दिवस भरलेले हवेत.

सरकारच्या स्वतःच्या हिशेबातही एक मोठी खोट आहे. २०१३ च्या अन्नसुरक्षा कायद्यानुसार अंगणवाडीतून आईला पोषण आहार मिळतो तो गरोदरपणात आणि बाळंतपणानंतर सहा महिने. त्यानंतर बंद. पण सातव्या महिन्यापासून पाजणाऱ्या आईची भूक संपते का? सरकारच्याच भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या (आयसीएमआर) २०२० च्या शिफारशीत पहिल्या सहा महिन्यांत रोज ६०० आणि पुढच्या सहा महिन्यांत रोज ५२० जादा उष्मांक सांगितले आहेत. दोन वर्षं पाज म्हणून सांगायचं, आणि ताट सहा महिन्यांनी काढून घ्यायचं, हे न्यायाचं नाही.

ही मागणी काही आजची नाही. जुलै १९२८ मध्ये मुंबई विधिमंडळात स्त्री-कामगारांच्या प्रसूतिलाभाच्या विधेयकावर बोलताना डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी, बाळंतपणाच्या आधी आणि नंतर बाईला विश्रांती मिळणं हे राष्ट्राच्या हिताचं आहे आणि त्या खर्चाचा भार सरकारनेही उचलला पाहिजे, अशी बाजू मांडली. पुढच्या वर्षी मुंबई प्रांतात तो कायदा झाला. शंभर वर्षं होत आली. खर्च कोणी उचलायचा याचं उत्तर असंघटित बाईपर्यंत अजून पोचलेलं नाही.

अधिकाराच्या खुर्चीवरच्या बाईचीही यातून सुटका नाही. डिसेंबर २०२२ मध्ये देवळालीच्या आमदार सरोज अहिरे आपल्या अडीच महिन्यांच्या बाळाला घेऊन नागपूरच्या हिवाळी अधिवेशनाला आल्या. सगळ्या राज्याने त्यांचं कौतुक केलं. पुढच्या अधिवेशनात मुंबईला त्या पुन्हा बाळासह आल्या, तेव्हा पाजण्यासाठीच्या हिरकणी कक्षात धूळ आणि गैरसोय असल्याचं त्यांना जाहीरपणे सांगावं लागलं. रायगडाचा कडा उतरून तान्ह्याकडे गेलेल्या गवळणीचं नाव आपण एसटी स्थानकांतल्या खोल्यांना दिलं, ते योग्यच केलं. पण त्या खोलीला आतून लागणारी कडी, पंखा, बसायला पाठ असलेली खुर्ची आणि हात धुवायला पाणी नसेल, तर तिथे आई बसत नाही.

तेव्हा ज्या आईला सहा महिन्यांत कामावर जावंच लागतं, तिने काय करावं? सगळं किंवा काहीच नाही, असा हा प्रश्न नसतो. निघण्याआधी एकदा, परतल्यावर एकदा आणि रात्री, एवढं पाजलं तरी दूध टिकतं. मधल्या वेळेसाठी हाताने पिळून काढलेलं दूध स्वच्छ झाकणाच्या भांड्यात ठेवता येतं. २५ अंशांपर्यंतच्या खोलीत ते चार तास टिकतं. शिरोड्याच्या एप्रिल-मेच्या उकाड्यात तेवढं धरू नये. फ्रिजमध्ये चार दिवस राहतं. ते आजीने बाटलीने न देता वाटी-चमच्याने द्यावं. जुन्या घरांत बोंडलं असे, तेही चालेल. फक्त त्याची चोच आतून नीट घासली गेली पाहिजे.

सोडवायचं ठरलं तर तेही सावकाश. कडुनिंबाचा पाला वाटून लावणं, कोरफडीचा गर चोपडणं, आईने चार दिवस माहेरी निघून जाणं, हे उपाय पिढ्यान्‌पिढ्या चालत आले आहेत. त्यांत मूल भेदरतं आणि आईच्या छातीत गाठी होऊन ताप भरतो. त्यापेक्षा दिवसातलं एक पाजणं कमी करावं, आठवडाभर तसंच राहू द्यावं, मग दुसरं. मूल मागेल तर द्यावं, आपण होऊन देऊ नये. झोपेचं पाजणं सर्वांत शेवटी सुटतं. त्या वेळी बापाने थोपटायला घेतलं तर काम निम्मं होतं. पुन्हा दिवस गेले म्हणून त्याच दिवशी तोडण्याची गरज नसते. गरोदरपणात दूध 'विषारी' होत नाही. आधी गर्भपात किंवा अपुऱ्या दिवसांचं बाळंतपण झालं असेल तर डॉक्टरांना विचारावं. आणि 'पाजते आहे तोवर दिवस जात नाहीत' यावर विसंबणाऱ्यांसाठी : हे खरं आहे ते बाळ सहा महिन्यांच्या आत असेल, पाळी परत आली नसेल आणि दिवसरात्र फक्त अंगावर पाजणं चालू असेल, तेव्हाच. तिन्ही गोष्टी एकत्र हव्यात. दीड वर्षाचं मूल रात्री एकदा पितं म्हणून बेफिकीर राहिलेल्या कित्येक घरांत पुढचा पाळणा लवकर हललेला आहे.

काही जणींचं दूध पहिल्या महिन्यातच कमी पडतं, काहींना औषधांमुळे थांबावं लागतं, काहींना मनाने झेपत नाही. त्यांना दोष देणं थांबवलं पाहिजे. गरज पडली तर दुसऱ्या आईचं दूधही मिळू शकतं. आशियातली पहिली मातृदुग्धपेढी १९८९ मध्ये आपल्याच राज्यात, मुंबईच्या शीव रुग्णालयात डॉ. आर्मिडा फर्नांडिस यांनी सुरू केली, मुख्यतः कमी वजनाच्या आणि आजारी नवजात बाळांसाठी.

शिरोडा, आरवली, रेडी, आजगाव इथल्या वाचकांना एक विनंती. ऑगस्टच्या पहिल्या आठवड्यात स्तनपान सप्ताह होतो, भाषणं होतात, फलक लागतात. त्यानंतर आठच दिवसांनी, १५ ऑगस्टला, ग्रामसभा असते. २०२२ पासून केंद्राच्या 'पाळणा' योजनेत अंगणवाडीला जोडून सहा महिने ते सहा वर्षांच्या मुलांसाठी पाळणाघर सुरू करता येतं. ग्रामसभेत त्याची मागणी लेखी द्या. मासळीबाजाराजवळ कडी असलेली एक खोलीही त्याच अर्जात मागा. अर्जावर सह्या आयांच्या असाव्यात, आणि बाप्यांच्याही.

(पुढच्या आठवड्यात : उष्टावणानंतरची वाटी)