यंत्राला वाचता येईल अशी पाटी



माझे शिक्षण कारखान्यात झाले. तेव्हा बोलण्याची सुरुवातही तेथूनच करतो. तरुणपणी मी ज्या प्रेस शॉपमध्ये होतो, तेथे एका पॉवर प्रेसवर पाटी होती : ‘प्रेस चालविण्यापूर्वी खात्री करून घ्यावी.’ कसली खात्री, हे पाटीवर नव्हते. आम्हा जुन्यांना ते ठाऊक होते. पॅडल सैल होते, म्हणून हात बाहेर असल्याची खात्री करायची. एक नवा बदली कामगार आला. त्याने पाटी वाचली, डाय घट्ट बसल्याची खात्री करून घेतली, आणि दोन बोटे गमावली. चौकशीत व्यवस्थापनाचे उत्तर एकच : पाटी तर लावली होती!

तसाच एक नवा बदली कामगार आज कचेऱ्यांतून कामाला लागला आहे. त्याचे नाव एआय एजंट. हा नुसती उत्तरे देत नाही. नोंदवही उघडणे, पत्र धाडणे, रक्कम भरणे अशी संगणकावरची साधने हाती घेऊन कामे करतो. प्रत्येक साधनाबरोबर त्याला एक चिठ्ठी मिळते. तिच्यात तीन गोष्टी : साधनाचे नाव, त्याचे वर्णन, आणि त्याला कोणती माहिती पुरवायची ते. २०२४ च्या नोव्हेंबरात अँथ्रॉपिक कंपनीने ‘मॉडेल कॉन्टेक्स्ट प्रोटोकॉल’ नावाची खुली पद्धत प्रसिद्ध केली, तिच्यातही साधनाची ओळख अशीच करून दिली जाते. साधनाच्या पोटात काय आहे, हे एजंटला बहुधा दिसत नाही. शेजारच्या मशीनवरच्या माणसाला ‘काय रे, हे कसं चालतं?’ असे विचारण्याची सोयही त्याला नसते. चिठ्ठी हेच त्याचे सारे ज्ञान.

आमच्या युनियनच्या कचेरीत एका हुशार मुलाने असा एजंट सभासदांच्या नोंदवहीला जोडला. एका साधनाचे नाव ‘नोंद काढा’. वर्णन, ‘सभासदाची नोंद काढते.’ मी सांगितले, ‘वर्गणी थकलेल्यांची नावे काढ.’ मला हवी होती यादी. एजंटने ती नावे वहीतूनच काढून टाकली! मराठीत पाणीही काढतात आणि काट्याही काढतात. ‘काढणे’ म्हणजे काय, हे आपण प्रसंग पाहून ओळखतो. वही चाचणीची नक्कल होती म्हणून निभावले. खरी असती तर त्या सभासदांचा निवडणुकीतील मताचा हक्क गेला असता.

मग आम्ही चिठ्ठी पुन्हा लिहिली. साधने दोन केली : ‘सभासद यादी दाखवा’ आणि ‘सभासद कायमचा वगळा’. दुसऱ्याच्या वर्णनात लिहिले : ‘नोंद पुसली जाते, परत आणता येत नाही. थकबाकीची यादी हवी असल्यास हे वापरू नये.’ साधन केव्हा वापरू नये, हे लिहिणे केव्हा वापरावे याइतकेच महत्त्वाचे आहे.

दुसरी गोष्ट मोजमापाची. ०३/०४ म्हणजे तीन एप्रिल की चार मार्च? म्हणून आधी वर्ष, मग महिना, मग दिवस, असा क्रम ठरवून द्यावा आणि एक नमुनाही द्यावा. १९९९ साली अमेरिकेचे ‘मार्स क्लायमेट ऑर्बिटर’ हे यान मंगळाजवळ नष्ट झाले. जमिनीवरील एका प्रणालीने आकडे पौंड-सेकंदांत दिले, दुसरीने ते न्यूटन-सेकंद समजून घेतले. कोणते एकक वापरायचे हे कागदोपत्री ठरलेले होते. पण आकड्याच्या अंगावर एकक नव्हते. म्हणून रकान्याचे नाव नुसते ‘रक्कम’ नको, ‘रक्कम रुपयांत’ असे हवे.

तिसरी गोष्ट चुकीच्या निरोपाची. ‘चूक झाली’ एवढ्याने कोणी सुधारत नाही. ‘सभासद क्रमांक सहा अंकी हवा, आलेला पाच अंकी आहे’ असे सांगितले, तर एजंट पुढच्या खेपेस दुरुस्ती करू शकतो. तरी पाल्हाळ नको. मॉडेलच्या ध्यानात एका वेळी मावणाऱ्या मजकुराला मर्यादा असते, आणि फार लांब चिठ्ठीत कामाचे वाक्य हरवते. लिहावे, खऱ्या कामावर चालवून पाहावे, जेथे अडखळेल तेथे वाक्य बदलावे.

परंतु मित्रहो, पाटी म्हणजे संरक्षक जाळी नव्हे. वर उल्लेखिलेल्या पद्धतीत ‘हे साधन नाश करणारे आहे’ अशी खूण करता येते. पण ती केवळ सूचना आहे, कुलूप नव्हे. पुसण्यापूर्वी माणसाची संमती घेण्याची सक्ती साधनातच बसविली पाहिजे. आमच्या त्या प्रेसला पाटीबरोबर जाळी असती, तर पोराची बोटे वाचली असती.

शेवटी प्रश्न उरतो, चिठ्ठी लिहायची कोणी? साधन तयार करणाऱ्याला त्याचे पोट ठाऊक असते. ते रोज वापरणाऱ्या कारकुनाला त्याच्या खोडी ठाऊक असतात. त्या कारकुनाला शेजारी बसवून घ्या, त्या वेळेचा मोबदला द्या, आणि त्याचे ज्ञान कागदावर आले म्हणून त्याला घरी धाडू नका. तसे केलेत, तर पुढचा कारकून पॅडल सैल असल्याचे कोणालाही सांगणार नाही.