कपाटावरची बंद पाकिटं

मुंब्र्यातल्या एका घरी आम्ही चहाला बसलो होतो. घरचे कर्ते आखातातली नोकरी सुटून परतलेले. बोलता बोलता भाभींनी कपाटावरून बँकेची तीन पाकिटं काढली. तिन्ही बंद! "हे म्हणतात, उघडून काय करायचं, पैसे तर नाहीत," त्या म्हणाल्या.

असं आपल्याकडे पुष्कळ घरांत होतं. व्याजाचं कर्ज घेतलं याची टोचणी आधीच मनात असते, त्यात हप्ता थकला की माणूस जमातीतही तोंड उघडत नाही. एका कर्जाचा हप्ता भरायला दागिने गहाण पडतात, भिशी लवकर उचलली जाते. या घरानेही बांगड्या ठेवून तीन हप्ते भरले होते. आमच्या मते सगळ्यात मोठी चूक हीच.

हप्ता थकून 90 दिवस उलटले की खातं बुडीतकडे झुकलेलं, म्हणजे एनपीए, धरलं जातं. त्यानंतर बँकेचा हात आखडतो. म्हणून जायचं ते त्याआधी, आणि लेखी अर्ज घेऊन. सोबत नोकरी सुटल्याचं पत्र किंवा दवाखान्याची कागदपत्रं, आणि दरमहा किती भरता येईल तो आकडा. अर्जाच्या प्रतीवर पोच घ्यायला विसरू नये. बँक मुदत वाढवू शकते, काही महिने हप्ता कमी करू शकते. पण ते तिने करायलाच हवं असा नियम नाही. मुदतवाढीची किंमतही समजून घ्यावी. 25 लाखांचं कर्ज 9 टक्क्यांनी 15 वर्षांत फेडायचं तर हप्ता सुमारे 25,350 रुपये. तेच 25 वर्षांचं केलं तर सुमारे 21,000. महिन्याला चार हजारांहून जास्त सुटका, पण शेवटी साधारण सतरा लाख जास्त जातात. हात सैल झाला की मुद्दलात भर घालावी. बदलत्या व्याजदराच्या वैयक्तिक गृहकर्जावर मुदतपूर्व फेडीचा दंड बँकेला घेता येत नाही.

खातं थकीत झाल्यावर 2002 च्या सरफेसी कायद्याखाली नोटीस येते. ती आली म्हणजे दुसऱ्या दिवशी घराला कुलूप लागतं असं नाही. नोटिशीत 60 दिवसांची मुदत असते. त्या काळात लेखी हरकत घेतली तर बँकेला 15 दिवसांत उत्तर द्यावं लागतं. पुढे ताबा घेतला गेला तर 45 दिवसांत कर्ज वसुली न्यायाधिकरणाकडे जाता येतं. भाभींच्या पाकिटांपैकी एकात हीच नोटीस होती, आणि साठांपैकी बावीस दिवस कपाटावर गेले होते.

वसुलीवाल्यांनी सकाळी 8 च्या आधी किंवा संध्याकाळी 7 नंतर फोन करायचा नाही, शेजाऱ्यांपुढे अपमान करायचा नाही, असं रिझर्व्ह बँकेने सांगितलेलं आहे. तसं झालं तर तारीख-वेळ टिपून बँकेकडे लेखी तक्रार द्यावी; 30 दिवसांत दाद लागली नाही तर रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे. वकिलाचा खर्च झेपत नसेल तर जिल्हा विधी सेवा प्राधिकरणात जावं. बाईमाणसाला तिथे उत्पन्नाची अट न लावता मोफत मदत मिळते, हे फार थोड्या घरांना माहीत असतं.

जकातीच्या आठ हकदारांत कर्जात बुडालेलाही येतो. घराच्या कर्जाला ती लागू होते का, हे आपल्या आलिमांना विचारावं. विचारण्यात लाज नाही.

काहीच जमत नसेल तर लिलावाची वाट न पाहता, बँकेला कळवून घर स्वतःच विकावं; भाव बहुधा बरा येतो आणि कर्ज फिटून उरलेली रक्कम हातात राहते.

मुंब्र्याच्या त्या घराने उरलेल्या अडतीस दिवसांत दोन थकलेले हप्ते भावांकडून उचलून भरले आणि मुदत वाढवून घेतली. बांगड्या अजून सोनाराकडेच आहेत. पाकिटं मात्र आता भाभीच उघडतात.