तारामाशाचं गोत

गैरसमज : तारामासा जेलीफिशच्या जातकुळीतला.

तो मासा नाही हे आता बहुतेकांना ठाऊक असतं, पण जेलीफिशशी त्याचं नातं सर्रास जोडलं जातं. दोघांचंही अंग मध्यबिंदूभोवती रचलेलं, म्हणून प्राणिशास्त्रज्ञ कुव्हिएनेही असे प्राणी एकाच गटात घातले होते. जेलीफिशच्या शरीरात मात्र एकच पोकळी असते, तीच तिचं पोट. तारामाशाला अन्नमार्गाभोवती वेगळी देहगुहा असते. एकोणिसाव्या शतकाच्या मध्याला प्राणिशास्त्रज्ञ लॉयकार्टने याच फरकावरून दोघांची फारकत केली. शिवाय तारामाशाच्या अळीला आपल्यासारखीच डावी-उजवी बाजू असते. पाच हात येतात ते रूपांतर होताना. भ्रूणात तोंडाआधी गुदद्वार तयार होतं, तेही आपल्यासारखंच. खेकडा किंवा गोगलगाय यांच्यापेक्षा हा प्राणी आपल्याला जवळचा आहे, आणि मला यातली हीच गोष्ट सर्वांत विलक्षण वाटते.

गैरसमज : ब्रिटल स्टार म्हणजे बारीक हातांचा तारामासाच.

दोघांचे वर्ग वेगळे आहेत. तारामासा उलटा करून पाहिला, तर तोंडापासून प्रत्येक हाताच्या टोकापर्यंत उघडी खाच दिसते आणि तिच्यात नलिकापादांच्या, म्हणजे नळीसारख्या इवल्या पायांच्या, रांगा वळवळत असतात. ब्रिटल स्टारची खाच बंद असते आणि त्याचे हात मधल्या चकतीपासून स्पष्ट वेगळे उठून दिसतात. त्याची अळी सी अर्चिनच्या अळीसारखी दिसते, म्हणून अनेक अभ्यासक त्याला सी अर्चिनचा जवळचा नातेवाईक मानत. २०१४पासूनच्या जनुकीय अभ्यासांनी पारडं तारामाशाकडे झुकवलं. तारामाशाच्या बाबतीत अळीने खरं नातं दाखवलं, इथे मात्र अळीनेच चकवलं.

गैरसमज : तारामासा ज्यांत मोडतो त्या कंटकचर्मी प्राण्यांचे आज सहा वर्ग आहेत.

न्यूझीलंडजवळ हजार मीटरहून अधिक खोलीवर, बुडालेल्या लाकडात सापडलेल्या झायलोप्लॅक्सचं वर्णन १९८६मध्ये प्रसिद्ध झालं. सेंटिमीटरभरही नसलेली चपटी चकती, हात नाहीत, आतडं नाही आणि नलिकापाद रांगांऐवजी कडेने गोल. अशा प्राण्यासाठी सहावा वर्ग सुचवणं त्या वेळी रास्तच होतं. हाती नमुने मोजकेच होते. पुढे जनुकांची तुलना झाली, तेव्हा तो तारामाशांच्या वर्गातच बसला. हयात वर्ग पाचच उरले : तारामासे, ब्रिटल स्टार, सी अर्चिन, समुद्रकाकड्या आणि सागरी लिली. जुन्या संदर्भग्रंथात सहावा वर्ग दिसला, तर छपाईचं साल आधी पाहावं.