स्प्रिंगा उघड्यावर का?

मॅन्क्स नॉर्टन या जुन्या रेसिंग मोटरसायकलच्या इंजिनाचं हेड कधी बघायला मिळालं, तर आधी व्हॉल्व्हच्या स्प्रिंगा बघा. चक्क बाहेर, उघड्यावर! आणि त्याही नेहमीच्या गोल वेटोळ्यांच्या नाहीत. केसांच्या आकड्यासारख्या, दोन पायांच्या. म्हणूनच नाव हेअरपिन. एक पाय हेडवर टेकलेला, दुसरा व्हॉल्व्हच्या कॉलरखाली.

कारण साधं आहे. १९२०-३०च्या दशकांत स्प्रिंगचं पोलाद आजच्याइतकं भरवशाचं नव्हतं. रेसमध्ये इंजिन तापलं की कॉइल स्प्रिंग ढिली पडायची, कधी तुटायची. हेअरपिनची वेटोळी व्हॉल्व्हपासून लांब, वाऱ्यावर राहतात, म्हणून कमी तापतात. तोटा असा: तेल बाहेर येतं, धूळ आत जाते.

स्प्रिंग कमजोर असेल तर जास्त आरपीएमला व्हॉल्व्ह कॅमच्या मागे धावूच शकत नाही. यालाच व्हॉल्व्ह फ्लोट म्हणतात. मग पिस्टन व्हॉल्व्हवर आदळला की इंजिनाचं वाटोळं! यावर उपाय म्हणून डुकाटीच्या फाबिओ ताल्योनींनी व्हॉल्व्ह बंद करायचं कामही कॅमलाच दिलं. हीच डेस्मो पद्धत. त्यांच्या १२५ सीसी डेस्मोने १९५६मध्ये स्वीडनमध्ये पदार्पणातच रेस जिंकली.

आता सेटिंग. साध्या स्प्रिंगवाल्या इंजिनात टॅपेटची गॅप तपासताना इंजिन थंड हवं, पिस्टन कॉम्प्रेशनच्या टीडीसीवर, म्हणजे सगळ्यात वर हवा. गॅपमध्ये फीलर गेज किंचित अडकत सरकलं पाहिजे. गॅप जास्त असेल तर टॅपेट वाजतं, पण कमी असेल तर गाडी गप्प राहते आणि एक्झॉस्ट व्हॉल्व्ह जळतो. त्यामुळे आवाजापेक्षा शांततेला जास्त घाबरा!

तुमच्याकडे हेअरपिनवालं इंजिन असेल तर फोटो नक्की टाका.