परदेशातील घर आणि यवतमाळची शेतजमीन

परदेशी घर विकत घेणे आणि त्या देशात वास्तव्यास जाणे ह्या दोन गोष्टी सामान्य बोलण्यात एकच समजल्या जातात. वस्तुतः त्या भिन्न आहेत, आणि हा भेद ध्यानात न आल्याने होणारे नुकसान केवळ पैशाचे नसते. उष्ण व सूर्यप्रकाशित देशांत घरे घेण्याची प्रथा युरोपात जुनी आहे. जर्मनीतील निवृत्त मनुष्य स्पेनच्या किनाऱ्यावर घर घेतो, तेव्हा युरोपीय संघाचा नागरिक म्हणून तेथे राहण्याचा हक्क त्यास आधीच असतो. घर ही पुढची सोय होय. ब्रिटिश घरमालकांचा असा हक्क २०२० अखेर संपला. घर त्यांचेच राहिले. परंतु स्वतंत्र निवासपरवाना नसल्यास १८० दिवसांत ९० दिवसांहून अधिक काळ त्या घरात राहण्याची त्यांना मुभा उरली नाही.

यवतमाळ जिल्ह्यास उन्हाची वाण नाही. तेव्हा पुसद वा वणीकडील एखादे कुटुंब दुबईत अथवा मॉरिशसमध्ये घराचा विचार करते ते हवामानासाठी नव्हे. बहुधा मुलगा वा मुलगी तिकडे नोकरीस असते आणि आईवडिलांच्या नावावर शेती असते. ती विकून तिकडे घर घ्यावे काय, हा खरा प्रश्न असतो.

अशा कुटुंबास प्रथम भेटतो तो परक्या देशाचा कायदा. दुबईने परकीयांस घरखरेदीची वाट २००२ मध्ये खुली केली व २००६ च्या कायद्याने तिला नोंदणीचा आधार दिला. मात्र ही मालकी नेमून दिलेल्या भागांपुरतीच आहे. दहा वर्षांच्या निवासपरवान्यासाठी २० लक्ष दिरहम किमतीची मालमत्ता आवश्यक ठरविण्यात आली. हा परवाना नव्हे नागरिकत्व. शिवाय अशा सवलती सरकारे देतात आणि काढूनही घेतात. पोर्तुगालने २०१२ मध्ये सुरू केलेला घरखरेदीद्वारा निवासाचा मार्ग २०२३ मध्ये बंद केला. स्पेनने २०१३ चा तसाच मार्ग एप्रिल २०२५ मध्ये मिटविला. ग्रीसने काही भागांपुरती अडीच लक्ष युरोची मूळ मर्यादा वाढवीत २०२४ मध्ये आठ लक्षांवर नेली.

दुसरा कायदा विदेशी विनिमयाचा. भारतातील रहिवाशास रिझर्व्ह बँकेच्या उदार प्रेषण योजनेखाली परदेशी पैसे पाठविता येतात. २००४ मध्ये ही मर्यादा २५ हजार डॉलर होती. २०१५ पासून ती प्रत्येक व्यक्तीस प्रत्येक आर्थिक वर्षी अडीच लक्ष डॉलर झाली. मधल्या काळात, ऑगस्ट २०१३ मध्ये, रुपया घसरत असता मर्यादा ७५ हजारांवर आणून स्थावर मालमत्तेची खरेदीच वर्ज्य करण्यात आली होती. ती बंदी २०१४ मध्ये उठली. म्हणजे बदलतात ती परकी सरकारेच असे नव्हे. दुबईतील २० लक्ष दिरहम म्हणजे सुमारे ५ लक्ष ४५ हजार डॉलर. ती रक्कम एका वर्षात पाठवावयाची तर तिघांनी एकत्र यावे लागते, आणि ते तिघेही घराचे सहमालक असावे लागतात. पतिपत्नी दोघेच असल्यास मार्च आणि एप्रिल अशा दोन आर्थिक वर्षांत ती विभागता येते. ह्या कामासाठी पैसे पाठविण्यास भारतीय बँकांनी कर्ज देऊ नये, असाही नियम आहे.

कराची एक गोष्ट शेतकरी कुटुंबास विशेष जाचते. नगरपालिकेपासून विहित अंतराबाहेरील शेतजमीन विकल्यास भांडवली नफ्यावर कर लागत नाही. परंतु तोच पैसा परदेशी घरासाठी पाठविताना वर्षाला १० लक्ष रुपयांवरील रकमेवर बँक २० टक्के कर आगाऊ कापते (ही १० लक्षांची मर्यादा एप्रिल २०२५ पासूनची). एका व्यक्तीने एक कोटी पाठविल्यास १८ लक्ष रुपये असे अडकतात. ते विवरणपत्र भरून परत मागता येतात खरे, पण ज्याने आयुष्यात विवरणपत्र भरलेले नाही त्याला हे कोणी आधी सांगत नाही, आणि सौदा नेमका तेवढ्याच रकमेने अडतो.

आता तिसरा कायदा, ज्याचा विचार सर्वांत शेवटी होतो. विदर्भास लागू असलेल्या १९५८ च्या कुळवहिवाट व शेतजमीन कायद्याचे कलम ८९ शेतकरी नसलेल्यास शेतजमीन हस्तांतरित करण्यास मनाई करते. जिल्हाधिकाऱ्याच्या परवानगीचा अपवाद आहे, पण तो अपवादच. व्यवहारात शेतकरीपणाचा पुरावा म्हणजे सातबारा. ज्याने सर्व जमीन विकली त्याचा तो पुरावाही खरेदीदाराच्या नावे फेरफार होताच जातो. अनिवासी असताना शेतजमीन विकत घेण्यास विदेशी विनिमयाचे नियमही मनाई करतात. परत येऊन रहिवासी झाल्यावर ही दुसरी मनाई सरते, पहिली उरते. जिल्ह्यातील कोलाम, गोंड, आंध कुटुंबांची स्थिती वेगळी आहे: महसूल संहितेच्या कलम ३६ व ३६-अ मुळे त्यांची जमीन बिगर-आदिवासीस सहजासहजी विकताच येत नाही, त्यामुळे हा पेच त्यांच्यापुढे क्वचितच ह्या रूपात येतो.

वास्तविक परदेशी जाण्यासाठी जमीन विकण्याची कायदेशीर सक्ती कोठेच नाही. रहिवासी असताना संपादन केलेली जमीन अनिवासी झाल्यावरही धारण करता येते, असे विदेशी विनिमय कायद्याच्या कलम ६ चे पोटकलम ५ स्पष्टपणे सांगते. परदेशी राहणाऱ्या मुलास ती वारशाने मिळू शकते. मात्र जिवंतपणी बक्षीसपत्राने ती त्याच्या नावे करता येत नाही. पुढे त्याने ती विकावयाची झाल्यास भारतात राहणाऱ्या भारतीय नागरिकासच विकावी लागते, आणि आलेली रक्कम अनिवासी खात्यातून वर्षाला दहा लक्ष डॉलरपर्यंत बाहेर नेता येते. सर्व शेत न विकता एखादा तुकडा नावावर राखून उरलेले विकणारी कुटुंबे ह्या दृष्टीने शहाणपणाने वागतात. राखलेल्या त्या तुकड्याचे उत्पन्न किती, हा प्रश्न तेथे गौण असतो. आठ-दहा वर्षांनी परवान्याचे नूतनीकरण झाले नाही, तर पुन्हा शेतकरी म्हणून उभे राहता यावे एवढेच त्याचे काम.